बोलणं आयुक्तांशी, पण काम कुठल्या टेबलावर अडलंय? नव्या नगरसेविकेच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत पहिल्यांदा निवडून आलेल्या एका नगरसेविकेने विचारलंय की प्रभागात रस्ते, ड्रेनेज आणि एक उद्यान अशी कामं करायची आहेत. अधिकारी "बघतो मॅडम" म्हणतात, महिने जातात, आणि लोक दारात उभे राहून "काय झालं आमच्या रस्त्याचं?" विचारतात. सुरुवात कुठून करावी?

मी काही टर्म नगरसेविका होते, स्थायी समितीतही (महापालिकेच्या खर्चाला मंजुरी देणारी समिती) बसले. जे सांगते ते तिथलं आहे.

आधी अधिकाराचं बोलू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे कामं प्रत्यक्ष करवून घेण्याचा अधिकार आयुक्तांचा आहे. (मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. नगरपालिका आणि नगरपंचायतींचा १९६५ चा. मी बोलतेय ते १९४९ च्या कायद्याखालच्या महापालिकांबद्दल.) तुम्ही कनिष्ठ अभियंत्याला "उद्या इथे खोदायला घे" असं सांगू शकत नाही. सांगितलंत आणि त्याने ऐकलं, तर त्या कामाचं बिल पुढे अडकतं आणि ठेकेदार पैशांसाठी तुमच्याच घरी येऊन बसतो. तुमचा खरा अधिकार पैशावर आणि प्रश्नावर आहे. कुठल्या कामाला किती तरतूद, हे ठरवणाऱ्या सभेत तुमचं मत आहे, आणि प्रशासनाला लेखी उत्तर द्यायला लावता येतं. याखेरीज प्रभागाची जी माहिती तुम्हाला आहे ती मुख्य इमारतीत कुणालाच नसते, आणि बरेच नवे सदस्य नेमकी तीच वाया घालवतात.

अनेक महापालिकांत २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून प्रशासक होते, म्हणजे निवडून आलेल्या सभेऐवजी सरकारने नेमलेला अधिकारी कारभार बघत होता. म्हणजे इतकी वर्षं अधिकाऱ्यांना सभागृहाला उत्तर द्यायची सवय राहिलेली नाही. तुमच्याशी ते उर्मटपणे वागतील असं मी म्हणत नाही, पण "सदस्यांना विचारायचं असतं" हा रिवाज पुन्हा बसायला वेळ लागेल. त्या काळात मंजूर झालेल्या कामांची यादी आधी मागून घ्या. तुमच्या प्रभागातली निम्मी कामं कुणाच्या तरी नावावर आधीच सुरू असतील किंवा कागदावर संपलेलीही असतील.

आता पैसा. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, ते सोळा जणांच्या स्थायी समितीकडे जातं, समिती त्यात भर घालते आणि मग सर्वसाधारण सभा मंजूर करते. वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. सदस्य भाषणं करतात ती शेवटच्या पायरीवर, पण तुमच्या रस्त्याचं नाव आत जायचं असेल तर ते त्याच्या कितीतरी आधी, विभाग आपापल्या मागण्या पाठवतात तेव्हा जावं लागतं. दिवाळीच्या आसपास कार्यकारी अभियंत्याकडे तुमचं पत्र आणि त्यासोबत ढोबळ खर्चाचा आकडा असायला हवा. फेब्रुवारीत पोचलेलं पत्र "विविध विकासकामे" या पोटात जातं आणि तिथेच जिरतं.

नाव आत गेलं म्हणून खूश होऊ नका, आकडा बघा. कामाचा खर्च चाळीस लाख आणि तरतूद एक लाख, असं सर्रास दिसतं. याला नाममात्र तरतूद म्हणतात. फ्लेक्स लावायला ती पुरते, निविदा काढायला पुरत नाही. दुसरं म्हणजे जमेची बाजू वाचायला शिका. आमच्याकडे सगळे खर्चाचं पुस्तक उघडतात, जमेची पानं कोऱ्या वासाची राहतात. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, १ ऑगस्ट २०१५ पासून तो बहुसंख्य व्यापाऱ्यांना लागू राहिला नाही, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. तेव्हापासून महापालिकेची मोठी मिळकत राज्याकडून दरमहा येणारं नुकसानभरपाईचं अनुदान, मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क यांवर चालते. स्थायी समिती जेव्हा आयुक्तांच्या आकड्यावर शेकडो कोटी चढवते, तेव्हा ती रक्कम या तिन्हींपैकी कुठून येणार, हे कुणी सांगत नाही. फुगवलेल्या अंदाजपत्रकात तुमचं काम असणं आणि नसणं यात फार फरक नसतो. डिसेंबरात लेखा विभाग हात वर करतो आणि "निधी उपलब्धतेनुसार" असा शेरा येतो.

आणि मग वर्गीकरण. पुण्यात सदस्यांच्या कामांची 'स' यादी असते, इतर ठिकाणी प्रभाग निधी किंवा नगरसेवक निधी म्हणतात. एका लेखाशीर्षावरचे (अंदाजपत्रकातल्या एका खात्यावरचे) पैसे दुसऱ्या कामाकडे वळवायचे याला वर्गीकरण म्हणायचं. कधी ते गरजेचं असतं. पण जानेवारीनंतर वर्गीकरणाचे विषय ढिगाने येतात तेव्हा जागी राहा. तुमच्या ड्रेनेजचे पैसे दुसऱ्या प्रभागातल्या बाकड्यांकडे आणि कापडी पिशव्यांकडे गेल्याचं तुम्हाला एप्रिलमध्ये कळेल. विषयपत्रिकेतली प्रत्येक ओळ वाचा, आणि आयत्या वेळचे विषय तर दोनदा.

तरतूद झाल्यावर काम कागदावरून कसं सरकतं ते पाठ असायला हवं. अभियंता पूर्वगणनपत्रक करतो, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून इस्टिमेट. त्याला तांत्रिक मान्यता (इस्टिमेट बरोबर आहे याची) आणि प्रशासकीय मान्यता (हे काम करायचं याची) लागते. मग निविदा, मग आलेल्या दराला मंजुरी, करारनामा, कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा आदेश. "काम कुठवर आलं?" असा प्रश्न विचारलात तर "प्रोसेसमध्ये आहे" हेच उत्तर मिळणार. "तांत्रिक मान्यता कुठल्या तारखेला झाली, आणि निविदा शाखेला फाइल गेल्याची आवक नोंद दाखवा" असं विचारा. एकदा अशा भाषेत विचारलं की अभियंताही नीट बोलायला लागतो, कारण बऱ्याचदा तोही वरच्या टेबलावर अडकलेला असतो आणि ते सांगायची त्याची सोय नसते. फाइल उपलेखापालाकडे तीन आठवडे पडून असेल तर आयुक्तांकडे शिष्टमंडळ नेऊन काय उपयोग? त्या टेबलाशी जा. तिथे बहुतेक वेळा एखादा दाखला, एखादी सही किंवा जागेचा नकाशा कमी पडलेला असतो.

निविदेबद्दल दोनच गोष्टी. एकाच रस्त्याचे तीन तुकडे करून तीन छोटी कामं दाखवली असतील तर ती मोठ्या कामांच्या निविदेला लागणारी रकमेची मर्यादा चुकवण्यासाठी आहेत असं समजा आणि सही करण्याआधी विचारा. आणि निविदा फार बिलो, म्हणजे इस्टिमेटपेक्षा फार कमी दराची, आली तर आनंद मानू नका. इतक्या कमी दरात तो सिमेंट कुठून आणणार? अशा वेळी ठेकेदाराकडून जादा सुरक्षा अनामत (काम नीट होईल याची हमी म्हणून ठेवून घेतलेले पैसे) घ्यायची असते, ती घेतली का हे पाहा.

तातडीचं काम म्हणून निविदा न काढता काम देण्याची तरतूदही कायद्यात आहे. पावसाळ्यात भिंत कोसळली, पाण्याची मुख्य लाइन फुटली, तर ती वापरलीच पाहिजे. दरवर्षी मे महिन्यात नालेसफाईला ती वापरली जाते तेव्हा मात्र विचारा, की पाऊस जूनमध्ये येतो हे कधी कळलं.

आता रस्त्यावर येते, कारण तुमच्या प्रश्नातलं मुख्य दुखणं तेच आहे आणि प्रभागातला सगळ्यात जास्त पैसा तिथेच मातीत जातो.

कुठल्याही गल्लीच्या काँक्रिटीकरणाचं पत्र देण्याआधी ड्रेनेज आणि पाणीपुरवठा या दोन विभागांच्या अभियंत्यांना घेऊन गल्लीतून चाला. रस्त्याचा अभियंता एकटा नको. प्रत्येक चेंबरचं झाकण उघडायला लावा. पाणी वाहतंय की साचलंय? दोन चेंबरच्या तळांत उतार आहे की उलटा आहे? जुन्या वस्तीत १५० मिमीची लाइन चाळीस घरांसाठी टाकलेली असते आणि आता तिथे तीन-तीन मजले चढलेले असतात. ती लाइन तशीच ठेवून वर काँक्रीट ओतलंत, तर पहिल्याच पावसाळ्यात मैला पाणी संडासातून उलटं येईल आणि नवा रस्ता फोडावा लागेल. पाण्याची लाइन शिसजोडाची किंवा गंजलेली जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) असेल तर तीही आधी बदलायची. महावितरणची केबल, गॅसची लाइन, इंटरनेटवाले, यांना लेखी कळवायचं की अमुक महिन्यानंतर या गल्लीत खोदाईची परवानगी मिळणार नाही, आणि रस्त्याखाली आडवे रिकामे पाइप टाकून ठेवायचे. हे एका महिन्याचं काम आहे. लोक या महिन्यात तुम्हाला शिव्या देतील, कारण शेजारच्या प्रभागात तोवर रस्ता झालेला असेल.

दुसरी गोष्ट पातळीची. जुना रस्ता न उखडता त्यावरच सहा-आठ इंच काँक्रीट चढवणं हे ठेकेदाराला सोयीचं. दोनदा असं झालं की रस्ता वर आणि घरांचे उंबरे खाली. मग गल्लीतलं पाणी थेट ओट्यावरून आत. इस्टिमेटमध्ये "जुना पृष्ठभाग खोदून काढणे आणि राडारोडा वाहून नेणे" ही बाब आहे का, ते शोधा. असेल तर तिचे पैसे दिले जाणार आहेत, म्हणजे खोदाई झालीच पाहिजे. नसेल तर इस्टिमेट परत पाठवा. सगळ्यात खालचा उंबरा कुणाचा आहे ते बघून भिंतीवर रंगाने खूण करून ठेवायची आणि तयार रस्ता त्या खुणेच्या खाली राहील असं अभियंत्याकडून लिहून घ्यायचं. ही एवढीशी रंगाची रेघ मी पाहिलेल्या कुठल्याही तांत्रिक अहवालापेक्षा जास्त कामाला येते.

काम चालू असताना तुम्ही अभियंता व्हायची गरज नाही. पण काँक्रीटचे ठोकळे नमुन्याला काढतात, १५० मिमीचे, ते २८ दिवसांनी दाबून तपासतात. एम-४० लिहिलं असेल तर ताकद ४० न्यूटन प्रति चौरस मिमी यायला हवी. त्या अहवालाची प्रत मागा. क्युरिंगकडे, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याकडे, मात्र रोज बघता येतं: गोणपाट ओलं आहे का, आळी करून पाणी साठवलंय का. उन्हाळ्यात, मार्च अखेरच्या घाईत ओतलेल्या काँक्रीटवर पाणी मारायला कुणी नसतं आणि वर्षभरात त्याची धूळ उडायला लागते. गल्लीतल्या दोन बायकांना हे समजावून सांगा. त्यांच्या डोळ्यांतून काही सुटत नाही, आणि ठेकेदाराचा मुकादम त्यांना नगरसेविकेपेक्षा जास्त घाबरतो.

उद्यानाचं. इथे पहिला प्रश्न झाडांचा किंवा खेळण्यांचा नाही, जागेचा आहे. विकास आराखड्यात उद्यानाचं आरक्षण दाखवलंय म्हणजे जागा महापालिकेची झाली असं नसतं. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा, ताबा घेतल्याचा कागद मागा, मोजणी झाली का विचारा. जागा अजून मूळ मालकाकडे असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७ डोक्यात ठेवा: आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली आणि संपादन झालं नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं, आणि उद्यानाच्या जागी इमारत उभी राहते. अशा नोटिसा नगररचना विभागात येऊन पडलेल्या असतात. तुमच्या प्रभागातल्या किती आरक्षणांवर नोटीस आली आहे आणि मुदत कधी संपते, हे लेखी विचारा. नव्या सदस्याने विचारलेला हा प्रश्न मी क्वचितच ऐकलाय, आणि पाच वर्षांतलं सगळ्यात मोठं काम यातून होऊ शकतं.

तसंच रस्त्यांचं. खासगी ले-आउटमधला किंवा सोसायटीच्या आतला रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झालेला नसेल तर तिथे महापालिकेचा पैसा टाकता येत नाही. मतं त्याच सोसायटीत असतात, हे मला माहीत आहे. तरी अध्यक्षांना हस्तांतरणाचा अर्ज द्यायला सांगा आणि स्पष्ट बोला. रस्तारुंदीत झाडं येत असतील तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती निविदेनंतर मागायला गेलं की सहा महिने तिथेच.

आमदार निधी आणि खासदार निधीतूनही तुमच्या प्रभागात कामं होतील. त्यांची यादी स्वतःजवळ ठेवा, कारण एकच गल्ली दोन निधींत दाखवून दोन बिलं निघाल्याची उदाहरणं दर ऑडिटमध्ये सापडतात. आणि बहुसदस्यीय प्रभागात बाकीच्या सदस्यांशी, ते विरोधी पक्षाचे असले तरी, वर्षातून एकदा बसून कामं वाटून घ्या. चौघांनी मिळून एक ड्रेनेजची मुख्य लाइन केली तर ती जमिनीखाली जाते आणि कुणाचाच बोर्ड लागत नाही, म्हणून ती होत नाही. यावर मला तोडगा सापडलेला नाही, फक्त एकदा चारही नावांचा एकच बोर्ड लावायला लावला होता.

सभागृहाबद्दल. भाषणांनी फाइल हलत नाही, लेखी प्रश्नाने हलते. "रस्ता का झाला नाही?" हा प्रश्न नाही, ती तक्रार. "अमुक कार्यादेशाची तारीख, कामाची मुदत, मुदतवाढ दिली असल्यास कारण, आणि आकारलेला दंड" असं विचारा, कारण त्याला आकडेच द्यावे लागतात. तुमचा प्रस्ताव "आयुक्तांच्या अभिप्रायासाठी" गेला की तो परत आणायची जबाबदारी तुमची. नाहीतर वर्षाने तो दप्तरी दाखल, म्हणजे बंद करून ठेवलेला, दिसेल. बहुमताने झालेला ठराव सुद्धा राज्य सरकार कलम ४५१ खाली निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकतं, तेव्हा कायद्यात न बसणारा ठराव रेटून टाळ्या मिळतात, काम मिळत नाही.

विरोधी मत नोंदवायला लाजू नका. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून नगरपालिकेने हजार रुपये खर्चायचं ठरवलं, तेव्हा सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी एकट्याने विरोध केला. भव्य मार्केट बांधण्यापेक्षा पैसा शिक्षणावर खर्च करा, असंही त्यांचं म्हणणं होतं. मार्केट झालंच, आणि आज त्याला महात्मा फुले मंडई म्हणतात. सभागृहात पडलेलं मत पुढे कुणाच्या कामी येईल सांगता येत नाही, पण इतिवृत्तात ते असावं लागतं. इतिवृत्त कायम करताना आपली नोंद शब्दशः आहे का ते वाचा.

लोकांना कसं तोंड द्यायचं, हेही विचारलंय. कायद्यात क्षेत्रसभेची (भागातल्या मतदारांच्या सभेची) तरतूद २००९ पासून आहे आणि ती जवळपास कुठेच घेतली जात नाही. तुम्ही घ्या, मांडव न घालता, शाळेच्या एखाद्या वर्गात. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवतात. तशी सोय तुमच्याकडे नसेल तर हीच सभा त्यासाठी वापरा. कामांची यादी फळ्यावर लिहा आणि प्रत्येकापुढे आज कागद कुठल्या पायरीवर आहे ते लिहा. "निविदा निघाली, दर मंजुरीला स्थायीपुढे" असं कळलं की माणसं थांबायला तयार होतात. "होईल, होईल" ऐकून त्यांचे कान किटलेले असतात.

या सभेला आणि अधिकाऱ्यांच्या बैठकीला स्वतः जा. नवऱ्याला, दिराला, पक्षाच्या 'भाऊं'ना खुर्चीत बसवू नका. निम्म्या जागा महिलांच्या असूनही केबिनमध्ये चहा कुणापुढे ठेवला जातो हे मी पुष्कळ पाहिलंय. पहिल्या तीन बैठकांत अभियंता तुमच्याऐवजी सोबतच्या पुरुषाकडे बघून बोलेल. चौथ्या वेळी एकट्या जा, हातात इस्टिमेट घेऊन.

ठेकेदारीपासून लांब राहा हे सांगायला नको, पण कायद्याचा भाग म्हणून सांगते. महापालिकेच्या कंत्राटात तुमचा किंवा भागीदाराचा हितसंबंध निघाला तर पद जातं. अनधिकृत बांधकामाचंही तसंच, आणि त्यात नवरा व अवलंबून असलेली माणसंही येतात. निवडून आल्यावर घराच्या गच्चीवर पत्रा टाकायचा असेल तर आधी परवानगी.

शेवटचं, आणि हे कुणीच करत नाही म्हणून लिहिते. काम पुरं झाल्यावर दोषदायित्व कालावधी सुरू होतो. त्या मुदतीत खड्डा पडला, चेंबर खचलं, तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. एक साधी वही घाला: काम, ठेकेदार, काम संपल्याची तारीख, दोषदायित्व कधी संपतो, अनामत किती. मुदत संपायच्या दोन महिने आधी, शक्यतो पावसाळ्यानंतर, अभियंत्याला घेऊन पाहणी करा, फोटो काढा, दोषांची यादी लेखी द्या आणि पोच घ्या. अनामत ठेकेदाराला परत गेली की तोच खड्डा महापालिकेच्या नव्या निविदेतून बुजवावा लागतो, आणि ती निविदा बऱ्याचदा त्याच ठेकेदाराला मिळते.